रिकाम्या बाटलीचा मुहूर्त

विज्ञान माणसाला नम्र करतं. आमच्या भागात ते त्याआधी माणसाला शाल आणि श्रीफळ देतं, त्यामुळे नम्रतेला जरा उशीर होतो.

तलासरीत महामार्गालगत अन्नपदार्थ तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा निघाली. उद्घाटनासाठी सात शाली आणल्या होत्या. फीत कापणाऱ्याला एक मिळाली, जागा देणाऱ्याला एक, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला एक, असं करत करत एक उरली म्हणून ती मला मिळाली. यंत्र चालवायचं काम माझं होतं. मला ते येत नव्हतं, पण शाल देताना तसं कोणी विचारत नाही.

तोवर मी चोवीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं होतं. आमच्याकडे क्रोमॅटोग्राफी म्हणजे टिपकागदाची पट्टी, तिच्यावर शाईचा एक ठिपका आणि खाली पाण्याचा पेला. पाणी वर चढतं, शाईतले रंग वेगवेगळे होतात, मुलं वहीत आकृती काढतात आणि तास संपतो. मराठी पुस्तकांत याला वर्णलेखन म्हटलेलं असतं. हा शब्द ऐकून बालवाडीत अक्षरं गिरवायला बसवल्यासारखं वाटतं. पुढे विज्ञान शाखेला मुलं कमी झाली, मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि वयाच्या पन्नाशीत खरोखरच गिरवायला बसले.

शिकवायला बडोद्याहून एक प्रशिक्षक आली. वय माझ्या मुलीएवढं, पण सगळे तिला बेन म्हणायचे, मीसुद्धा. ती हिंदी, गुजराती आणि मराठी एकाच वाक्यात वापरायची. तलासरीत त्याचं कोणाला काही वाटत नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या दारात उभं राहिलं की फोनसुद्धा आपण गुजरातमध्ये आलो असं समजून स्वागताचा संदेश पाठवतो.

पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात बोटभर लांबीची स्टीलची नळी ठेवली.

"मॅडम, आ कॉलम. बाकीचा सगळा पसारा हिच्यासाठी."

पसारा खोलीभर होता. दोन पंप, चोवीस बाटल्यांचं ताट, हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारं एक घरघरणारं कपाट, आणि शेवटी फ्रिजएवढं यंत्र. त्यावर प्रयोगशाळेच्या संचालकसाहेबांनी फुलांचा हार घालायचा बेत केला होता. बेननं हात जोडून तो नायट्रोजनच्या कपाटाला घालायला लावला.

कॉलमचं तत्त्व मला लवकर कळलं, कारण मी रोज डहाणूहून गंजाड, रानशेत, चारोटी असा प्रवास करत होते. नळीत बारीक भुकटी ठासलेली असते आणि तिच्या कणांवर तेलकट लेप असतो. चिकूचा अर्क आत सोडला की त्यातले सगळे रेणू एकदम निघतात, पण पोहोचतात वेगवेगळ्या वेळी. ज्या रेणूला तेलकटपणाची ओढ, तो जागोजाग रेंगाळतो. ज्याला नाही, तो सरळ बाहेर पडतो. रानशेतच्या लग्नाहून चालत परतणाऱ्यांचंही असंच असतं. ज्याचे पाड्यापाड्यावर नातेवाईक, तो सगळ्यांत शेवटी घरी पोहोचतो. मी हे बेनला सांगितलं. तिनं ते इंग्रजीत लिहून घेतलं आणि पुढे म्हणे सुरतेत एका प्रशिक्षणात वापरलंही. तिथे पाडे नाहीत, त्यामुळे कोणाला कळलं असेल असं वाटत नाही.

दुसरा भाग अवघड होता. नळीतून बाहेर पडणारा द्रव एका सुईतून, मोठ्या विद्युतदाबाखाली, फवारून सोडतात. थेंब सुकतात आणि भार असलेले रेणू उरतात. ते चार दांड्यांच्या मधून जातात. दांड्यांवरचा विद्युतदाब असा लावलेला असतो की एका वेळी एकाच वजनाचा रेणू पार होतो, बाकीचे आपटून संपतात. पार झालेल्याला पुढे फोडतात आणि त्याचा तुकडा पुन्हा तसाच चाळतात. पूर्ण रेणूचं वजन बरोबर, तुकड्याचं वजन बरोबर आणि नळीतून बाहेर पडायची वेळ बरोबर, अशा तीन खुणा पटल्या की ओळख पक्की.

"मोठी ती आई," मी म्हणाले, "आणि तुकडा ती लेक."

"पहिले डॉटरच बोलायचे. आता नाही बोलायचं. प्रॉडक्ट बोलायचं."

"का?"

"बरोबर नाही वाटत ना, मॅडम. बायकांचा अपमान."

"आणि लेकीला प्रॉडक्ट म्हटलं की मान राहतो?"

बेननं जरा विचार केला. "ते इंटरनॅशनल आहे," ती म्हणाली.

तिसरा धडा सगळ्यांत सोपा होता, म्हणून मी तो सगळ्यांत कमी मनावर घेतला. रोज कामाला सुरुवात करताना पहिली बाटली ब्लँकची. ब्लँक म्हणजे चिकूऐवजी नुसतं पाणी घ्यायचं आणि त्याच्यावर चिकूचे सगळे सोपस्कार करायचे. तेच द्रावक, तेच गाळणं, तेच सुकवणं. पाण्यात काही नसतं, तेव्हा यंत्रानंही काही दाखवायला नको. दाखवलं, तर ते आपलं आहे, चिकूचं नाही.

"पहेला ब्लँक," बेन बोट वर करून म्हणायची, "पछी बाकी बधू." आधी ब्लँक, मग बाकी सगळं.

कार्यपद्धती मराठीत लिहायची, असा साहेबांचा आग्रह होता. साहेब स्वतः बागायतदार, भाषणाची आवड, आणि भाषणात डहाणूचा चिकू विश्वाच्या पाठीवर न्यायची सवय. मी बसून सगळी पानं मराठीत लिहिली. ब्लँकपाशी अडले आणि लिहून टाकलं: 'रिकामा नमुना'. इतका साधा शब्द सापडल्याचं मला त्या वेळी समाधान वाटलं होतं.

यंत्राच्या मुहूर्ताच्या दिवशी सकाळी साहेबांनी पहिलं पान वाचलं.

"पहिली बाटली रिकामी?"

"अगदी रिकामी नाही. पाणी असतं, फक्त त्यात..."

"इथे रिकामा लिहिलंय तुम्ही."

"तो पारिभाषिक शब्द आहे."

"मॅडम, घरात सून येते तेव्हा उंबऱ्यावर माप ठेवतो. रिकामं ठेवतो का?"

मागे उभे असलेले मामा म्हणाले, "भरलेलाच ठेवाय लागतो."

मामा आमचे प्रयोगशाळा सहायक. वयानं माझ्याहून मोठे, रानशेतजवळच्या पाड्यावर राहणारे, भांडी घासण्यापासून अर्क सुकवण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातात. पाहुणे दारात येऊन थांबले होते. बेननं माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे बघितलं, आणि पहिल्या बाटलीत साहेबांच्या बागेतल्या चिकूचा अर्क गेला. पडद्यावर एक रेषा उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती रेषा पंपाच्या दाबाची होती.

मग तोडगा निघाला. रिकामा नमुना सुरुवातीला नको ना, शेवटी ठेवू. ताटात चोवीस बाटल्या, प्रत्येकीला वीस मिनिटं, सकाळी दहाला सुरुवात केली तर चोविसाव्या बाटलीची पाळी पावणेसहाच्या आसपास यायची. मधे वीज गेली किंवा एखादी बाटली पुन्हा घ्यावी लागली की सहा वाजायचे. सहाला मामा कुलूप लावायचे, कारण सव्वासहाची जीप चुकली तर त्यांना चारोटीपर्यंतसुद्धा काही मिळायचं नाही. आणि माणूस नसताना यंत्र चालू ठेवायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता. अशा रीतीनं रिकामा नमुना रोज यादीत होता आणि रोज उद्यावर होता. बेन बडोद्याला परत गेली. मी कागदावर कार्यपद्धती पाळत होते.

महिन्याभरानं गंजाडची एक बाई चिकू घेऊन आली. पंचावन्नच्या पुढची, बोलायला सरळ. अकरा बायकांचा गट होता आणि ही त्यांची प्रमुख. प्रत्येकीच्या वाडीत चार-सहा चिकूची झाडं. मुंबईत फवारणी न केलेली फळं विकणारं एक दुकान या सगळ्यांचा माल घ्यायला तयार झालं होतं, फक्त त्यांना तपासणीचा अहवाल हवा होता. तिनं अकराही वाड्यांतले दोन-दोन चिकू एका पिशवीत आणले होते. सगळ्यांचा मिळून एक नमुना.

यंत्रानं त्यात कीटकनाशक दाखवलं. अ‍ॅलेथ्रिन. आईचं वजन तीनशे तीन, लेकीचं एकशे पस्तीस, वेळही बरोबर. किलोमागे मिलिग्रामचा शंभरावा भाग ही जी सर्वसाधारण मर्यादा धरतात, तिच्याहून थोडं जास्त. मी अहवालावर सही केली. सही मला चांगली जमली होती, तेही आठवतं.

चार दिवसांनी ती अहवाल घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

"बाय, ये काय लिवलाय?"

"एका औषधाचं नाव आहे. तुमच्या चिकूत सापडलं ते."

"आमी औषध मारतच नाय."

"यंत्राला सापडलं आहे."

"यंत्र गंजाडला आलेला?"

मी तिला शांतपणे समजावलं. चोवीस वर्षं शिकवलेलं माणूस समजावण्याची संधी सोडत नाही. रेणूचं वजन, मग फोडणं, मग तुकड्याचं वजन. आई आणि लेकही सांगितली.

"लेक बघून आई वळखायची," ती म्हणाली. "आमच्यात पण तसाच करतात. चुकतात पण."

"यंत्र तसं चुकत नाही."

"मग नाव सांगतं का? कोणी मारला ते?"

"नाही. फक्त औषध कळतं."

"म्हणजे अर्धाच सांगतं."

आणि मग तिनं खरी गोष्ट सांगितली. गटातल्या बायका एका घरात बसल्या होत्या. अहवाल वाचल्यावर सगळ्यांनी एकीकडेच बघितलं, तिच्या धाकट्या जावेकडे. जावेच्या घरी गेल्या वर्षी वांग्यांसाठी फवारणीचा पंप घेतला होता. वांगी गेली, पंप राहिला. आता सगळ्या म्हणत होत्या, तिला गटातून काढ.

"ती म्हणते मी मारला नाय. शपथ घेतली तिनं. मी तिला काढली तर दीर माझ्या दारात येयाचा नाय. नाय काढली तर बाकीच्या गट सोडतात. तुमी सांगा, खोटा कोण बोलतो?"

मी म्हणाले, ते सांगणं प्रयोगशाळेच्या कक्षेत येत नाही. हे वाक्य मी नंतर अनेकदा आठवलं आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात काही दोष नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात कैनाडच्या एका शेतकऱ्याचा तांदूळ आला. त्यातही अ‍ॅलेथ्रिन. मग तलासरीतल्या एका दुकानाची हळद. तिच्यातही. मला काळजी वाटायला हवी होती. मला वाटला उत्साह. आख्खा परिसर एका औषधात बुडालेला आहे आणि ते पहिल्यांदा मला दिसतंय, अशा अर्थाचा एक लेख मी लिहायला घेतला. दीड पान झालंही होतं.

मग शहाळी आली. बाटलीबंद शहाळ्याचं पाणी विकायचा विचार करणारा डहाणूचा एक जण सहा शहाळी घेऊन आला होता. मामांनी ती आमच्यासमोर कोयत्यानं फोडली, पाणी गाळलं, सुकवलं, बाटलीत भरलं. तीनशे तीन, एकशे पस्तीस. हिरवी साल, बोटभर जाडीचा काथ्या, करवंटी आणि मलई ओलांडून डासांचं औषध शहाळ्याच्या आत पोहोचलं होतं. अ‍ॅलेथ्रिन मुळात डासांचंच औषध आहे, चिकूवर ते कोण कशाला मारेल, हा प्रश्नही मला तेव्हाच पडला. रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला तो महिनाभर आधी पडायला हवा होता.

मी बेनला फोन केला.

"बेन, सगळ्यात अ‍ॅलेथ्रिन येतंय."

"ब्लँकमध्ये किती आला?"

"ब्लँक आपण शेवटी ठेवला आहे."

"हा, पण शेवटी किती आला?"

"शेवटपर्यंत अजून पोहोचलो नाही."

मग बेन म्हणाली, "दोन महिना झाला ना, मॅडम, मला जाऊन?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी मामांना किल्ली घेऊन बोलावलं. पाणी घेतलं, त्याच्यावर चिकूचे सगळे सोपस्कार केले आणि पहिल्याच जागेवर ती बाटली ठेवली. वीस मिनिटं पडद्यासमोर बसले. सहा मिनिटांच्या पुढे रेषा वर चढली आणि छानसा उंचवटा काढून खाली आली. पाण्यावर फवारणी झाली होती.

मग मी एकेक गोष्ट बदलायला घेतली. पाणी बदललं, उंचवटा कायम. द्रावकाची नवी बाटली फोडली, कायम. हातमोजे काढले, गाळणी बदलली, कायम. दुपार झाली. मामा अर्क सुकवायच्या टेबलापाशी उभे होते. तिथे उघड्या नळ्यांमध्ये नायट्रोजन सोडून अर्क चाळीसेक मिनिटं सुकवत ठेवायचा असतो. टेबलाच्या बरोबर वर फळी होती आणि फळीवर गणपतीची तसबीर. उद्घाटनानंतर साहेबांनीच ती तिथे लावून घेतली होती. नळ्या लावून झाल्यावर मामांनी हात धुतले, खिशातून काडेपेटी काढली, अगरबत्ती लावली आणि डोळे मिटले.

धूर आधी वर गेला. मग एसीच्या झोताला लागून खाली वळला आणि नळ्यांवर पसरला. हा वास मी दोन महिने रोज घेत होते. मला तो भक्तीचा वाटत होता.

"मामा, ही कसली अगरबत्ती?"

"आपली नेहमीचीच."

"पुडा बघू."

पुड्यावर डासाचं चित्र होतं आणि त्याच्यावर लाल फुली.

"यावर मच्छर आहे, मामा."

"मेलेला हाय, मॅडम. फुली बघा ना."

"देवाला ही लावता?"

"पहिली चंदनाची लावायचो. मग एसीचं पाणी पडतं ना मागं, तिथं मच्छर झालं. नळ्या सुकेपर्यंत उभा रहायला लागतं, पाय फोडून खातात. म्हटलं दोन काड्या कशाला लावायच्या? एकाच काडीत देवाचा पण होतो, मच्छरचा पण."

त्यांच्या हिशेबात मला काही चूक दिसेना. मी त्यांना धूर कुठे जातो ते दाखवलं. मामांनी वाकून नळ्यांचा वास घेतला.

"म्हणजे गंजाडवालीच्या चिकूत औषध मी मारला?"

"तुम्ही मारलंत. सही मी केली."

"तिच्या जावेला काढतात म्हणे," मामा म्हणाले. रानशेत आणि गंजाड यांच्यात अशा बातम्यांना फोन लागत नाही.

त्यांनी काडी विझवली, तसबीर बाहेरच्या खोलीत नेली आणि त्या दिवसापासून पायाला खोबरेल लावून उभे राहू लागले.

सोमवारी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. अगरबत्तीचं त्यांना पटलं, पण ब्लँक पहिल्या जागेवर आणायला ते तयार होईनात.

"एवढं रामायण झाल्यावर परत रिकाम्यानं सुरुवात करायची? उलट आता तर नकोच."

मी माझ्या टेबलाशी परत आले. कार्यपद्धतीच्या सगळ्या पानांवर 'रिकामा' खोडला आणि त्या जागी 'कोरा' लिहिलं. नवी प्रत काढली. दुपारी ती साहेबांपुढे ठेवली.

"पहिली बाटली, कोरा नमुना," त्यांनी वाचलं. "हे ठीक आहे. पूजेला वस्त्रसुद्धा कोरंच लागतं. आधी असं लिहायचं ना, मॅडम."

बाटली तीच, पाणी तेच. पहिल्या अहवालाच्या जागी दुसरा द्यायचा म्हटल्यावरही ते आधी कचरले. चूक झाली असं कागदावर लिहून देणं प्रयोगशाळेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण नियमानुसार त्याला 'सुधारित अहवाल' म्हणतात हे कळल्यावर चेहरा खुलला. सुधारित बियाणं, सुधारित जात, हे शब्द त्यांच्या भाषणात नेहमीच असतात.

नमुना आला की त्याचा अर्धा भाग आम्ही डीप फ्रीजमध्ये जपून ठेवतो. गंजाडच्या चिकूचा तो अर्धा भाग काढला. पहिल्या बाटलीत कोरा, दुसऱ्या बाटलीत चिकू. कोऱ्याची रेषा सपाट आली. चिकूचीही सपाट आली. यादीतल्या एकूण एक औषधापुढे 'आढळले नाही' असं छापून निघालं. एवढी पानभर नकारघंटा वाचून आनंद व्हायची माझी ती पहिलीच वेळ. हळदीचे, तांदळाचे आणि शहाळ्यांचे अहवालही तसेच बदलून दिले. दीड पानाचा लेख फाडला.

अहवाल टपालानं पाठवता आला असता. मी घरी जाताना गंजाडला उतरले.

गटप्रमुख बाई अंगणात नाचणी पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं कागद घेतला, शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला.

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

"मग आधी सापडलेला तो कोणाचा?"

"आमचा." मी अगरबत्तीची गोष्ट सांगितली. सांगताना ती फारच लहान वाटली.

ती हसली नाही. "देवाला मच्छर चावायचे काय तुमच्या?" एवढंच म्हणाली.

मग म्हणाली, "जावेला काढली, बाय. आठ दिवस झाले. ठराव केला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. माझी पण सही हाय."

"आता परत घ्या. हा अहवाल दाखवा तिला."

"तुमीच दाखवा. चला."

जावेची वाडी दोन बांध ओलांडून होती. ती झाडाखाली उभी राहून लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीनं चिकू उतरवत होती. आम्हाला बघून तिनं काम थांबवलं नाही. मी बोलले. चूक प्रयोगशाळेची होती, फळांत काही नव्हतं, अहवाल बदलला आहे. जाळीतला चिकू तिनं टोपलीत ठेवला, हात पदराला पुसले आणि कागद घेतला.

"याच्यात माझा नाव हाय?"

"नाही. अहवालात नाव नसतं."

"मी औषध मारला नाय, असा लिवलाय कुठं?"

मी कागदावर तसं काही आहे का ते बघितलं. सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: हा अहवाल केवळ प्राप्त झालेल्या नमुन्यापुरता लागू आहे.

"नाही," मी म्हणाले.

"मग मला कशाला दाखवता?"

थोरली म्हणाली, "मी चुकली. परत ये गटात."

"त्या धा जणी बसून बोलवतील तवा बघू."

"बसवते त्यांना."

"बसव," ती म्हणाली आणि पुन्हा जाळी वर नेली. आम्ही उभ्या होतो त्या जागी चिकूचा चीक ठिबकत होता, म्हणून आम्ही जरा मागे सरकलो.

मुंबईच्या दुकानानं सुधारित अहवाल मान्य केला आणि दहा वाड्यांचा माल उचलायला सुरुवात केली. अहवालाची चौकट करून साहेबांनी ती स्वागतकक्षात लावली आहे. गटाची बैठकही झाली, जावेला परत घ्यायचं असा ठराव झाला आणि थोरली तो घेऊन तिच्या दारी गेली. दीर आता थोरलीशी बोलतो. जाऊ मात्र गटात आली नाही. ती आपले चिकू डहाणूच्या बाजारात बसून विकते. तिथे गिऱ्हाईक चिकू अंगठ्यानं दाबून बघतं आणि घेतं.